नर्सबाईंची नाताळची गोष्ट

आमच्या नर्सबाई रेडिओशी अहोजाहो करत बोलायच्या. खरखर वाढली की त्याच्यावर हात ठेवून म्हणायच्या, "जरा दमानं घ्या, आम्ही ऐकतोय." मार्गासनी पडली डोंगराच्या कुशीत, तिथं आवाज नीट पोचत नसे. बाईंनी खिडकीतून तार काढून दारच्या पेरूला बांधली होती. वारा सुटला की गोष्टीतली माणसं एकदम लांब जायची आणि पुन्हा जवळ यायची.

बाई नगरकडच्या, ख्रिस्ती. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणी नव्हतं. मी मूळची उत्रोलीची, बालवाडीवर नवी लागलेली, बावीस वर्षांची. त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचे. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. कुठल्या वाटेनं निघाल्या तरी एखादी पोरगी कडेवरचं मूल दाखवायला आडवी यायचीच.

चोवीस डिसेंबरला संध्याकाळी रेडिओवर नाताळची गोष्ट लागायची. सांगणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सुरुवातीला ते पाणी प्यायचे आणि भांडं खाली ठेवल्याचा आवाज आम्हाला ऐकू यायचा. मग शांतपणे म्हणायचे, "बसलात ना सगळे?" आणि आम्ही खरंच सावरून बसायचो. बाईंच्या खोलीत त्या दिवशी पंधरा-वीस बायका, लेकरं, दारात दोन-तीन म्हातारे. दाराला पतंगाच्या कागदाची चांदणी. प्रत्येकाच्या हातावर करंजी ठेवत बाई म्हणायच्या, "आमची दिवाळी उशिरा येते, पण शिळी नसते."

समोरच्या पार्वतीकाकू दरवर्षी विचारायच्या, "बाई, तुमच्या देवाची गोष्ट हाय म्हनं आज?"

"देवाची कमी, माणसांची जास्त," बाई सांगायच्या. कुणाचं तान्हं मध्येच रडायला लागलं आणि आई ओशाळून उठली की तिला खाली बसवायच्या. "रडू दे गं. त्याचीही गोष्टच चाललीय."

माझ्या दुसऱ्या नाताळाच्या आधी आम्ही दोघी दुपारी करंज्या करत बसलो होतो. बाईंनी वीसेक करंज्या निवडून वेगळ्या डब्यात भरल्या. एकही फुटलेली नको, असं चाललं होतं. मी विचारलं, "या कुणाला?"

"नगरला. बहिणीच्या मुलीला."

डब्याला फडकं बांधून झालं. गाठ पक्की आहे का ते त्यांनी दोनदा पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बहिणीची नाही, सुमन. माझी."

लग्न झालेलं नव्हतं. तो माणूस निघून गेला. थोरल्या बहिणीला मूल नव्हतं, तिच्या पदरात सहा आठवड्यांची पोर घालून बाई नर्सिंग शिकायला गेल्या. एवढंच त्यांनी सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, "हे पोटात ठेव." मी ठेवीन म्हटलं. तेव्हा ते खरंच मनापासून होतं.

पुढच्या पावसाळ्यात गोष्ट सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी रेडिओवरून आवाहन केलं. यंदाची नाताळची गोष्ट श्रोत्यांच्या पत्रांतून निवडायची, खरी घडलेली. मी पत्र लिहिलं. बाईंना आनंद होईल, त्यांच्या दुःखाचं कुणीतरी मोल करील, म्हणून लिहिलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं कारण साधं होतं. माझी वाक्यं त्या आवाजात ऐकायची हौस मला आवरली नाही. खाली मात्र ठळक लिहिलं, 'कृपया गावाचं आणि माझं नाव घेऊ नये.' त्या माणसावर माझा विश्वास होता. इतक्या मायेनं बोलणारा माणूस आपलं एवढं ऐकेल, यात मला शंका वाटली नाही.

चोवीस तारखेला खोली भरली. पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "बसलात ना सगळे? वेल्हे तालुक्यातल्या मार्गासनीहून सुमनताई लिहितात, आमच्या गावच्या नर्सबाईंची ही गोष्ट..."

मी जागची हलले नाही. बाईंनी डब्याचं आणि बहिणीचं वाक्य येईपर्यंत ऐकलं. मग उठून रेडिओ बंद केला.

"बंद का केला, बाई?" पार्वतीकाकूंनी विचारलं. "आपल्याच गावची हाय की."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

बायका एकेक करून उठल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "गावाचं नाव लिहिलं होतंस?"

"घेऊ नका म्हणून लिहिलं होतं."

"म्हणजे काय होईल ते तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. अडल्या वेळी बोलावणं यायचंच. पण एसटीच्या थांब्यावर त्या दिसल्या की बोलणं थांबायचं, आणि मूल दाखवायला कुणी वाटेत आडवं येईनासं झालं. रेडिओ नगरलाही लागत होता. बहिणीचं कार्ड आलं, ते पोस्टमननं वाचून गावात सांगितलं : पोरीनं ऐकलं, ती कुणाशी बोलत नाही. फेब्रुवारीत बाईंनी बदली मागून घेतली. मी बालवाडीत असताना त्या सकाळच्या गाडीनं गेल्या. मी रेडिओला जाब विचारणारं पत्र पाठवलं. उत्तरादाखल छापील कार्ड आलं, 'आपली गोष्ट श्रोत्यांना फार आवडली.'

आता मी भोरला मुलाकडे असते. डिसेंबर आला की मोबाईलवर जुन्या कार्यक्रमांच्या क्लिपा फिरतात, आणि शेजारणी म्हणतात, काय ते दिवस होते. होतेच. तो आवाज अजून कानी पडला की मी हातातलं काम टाकून बसते. मग संतापानं बंद करते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं आरोग्य खात्यातून पत्ता काढून दिला, तेव्हा नगरला गेले. दार पन्नाशीच्या बाईनं उघडलं. चेहरा हुबेहूब नर्सबाईंचा. ती आत वळून म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे कुणी आलंय."

बाई खाटेवर बसल्या होत्या. मला लगेच ओळखलं. मुलगी चहा ठेवायला आत गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "सहा वर्षं तोंड बघितलं नाही तिनं माझं. आता करते सगळं. चांगली आहे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"ती मॅट्रिक झाली की मी तिला सांगणार होते, सुमन. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सहा महिने राहिले होते."

मग चहा आला. आम्ही तिघींनी तो घेतला. बाईंनी मुलीला पुण्याच्या गाडीची वेळ विचारली, आणि ती वेळ जवळ आल्याचं मला सांगितलं.