विहिरीची वाटणी

आमच्या गावानं विहिरीतल्या गाळाचीसुद्धा वाटणी केली होती. शेताची वाटणी होते, घराची होते, भांड्याकुंड्यांची होते, हे मी माहेरी पाहिलं होतं. पण कोरड्या विहिरीच्या तळाला दोऱ्या बांधून चार वाटे केलेले मी इथंच पाहिले, आणि ते करणारे लोक त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते.

गाव उदगीरकडचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी एका कागदासाठी लांब जावं लागायचं, आता जिल्हा जवळ आला म्हणून गावातले पुरुष जरा छाती काढून चालायला लागले होते. जसा काही जिल्हा यांनीच घरून करून दिला होता. पारावर बसून कुठलं हापीस कुठं होणार, कुठल्या साहेबाची ओळख काढायची, याच्याच गोष्टी. प्यायचं पाणी कुठून आणायचं हे मात्र बायकांनी बघायचं होतं.

बायका बघतच होत्या. गावाबाहेर पायऱ्यांची जुनी विहीर आहे. संक्रांतीनंतर तिच्यात बादली बुडेनाशी झाली, मग आम्ही खाली उतरायला लागलो. खाली बसायचं, झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. एका घागरीला बराच वेळ लागायचा. मी पहाटेच जायची, कारण गर्दीत मला बोलता येत नाही. चक्कीवरसुद्धा माझ्या मागून आलेल्या बायका दळण घेऊन जातात आणि मी उभीच राहते. पहाटे विहिरीत मी एकटी असायची, म्हणून मला तिथला एकेक दगड ओळखीचा झाला होता. पाणी तळातून येत नव्हतं. एका कोपऱ्यात भिंतीला चीर होती, तिथून येत होतं. पुढं पुढं ती चीर गाळाखाली गेली आणि पाणी बंद झालं. पण गाळात हात घातला की त्या कोपऱ्यात गार लागायचं.

पाणी बंद झाल्यावर पुरुषांना जाग आली. मारुतीच्या पारावर बैठक झाली. शाळेतले गुरुजी एकीवर बोलले. सरपंच बोलले, ते वरच्या गल्लीचे. श्रमदान करायचं, विहीर उपसायची, दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी, खोल न्यायची असं ठरलं. टाळ्या झाल्या. टाळ्या संपायच्या आत भांडण सुरू झालं, की कोणती गल्ली जास्त खणणार. वरची गल्ली म्हणाली आमची माणसं कमी. पेठेतले म्हणाले आम्हाला दुकानं आहेत. मधली गल्ली म्हणाली आधी बाकीचे उतरू देत. खालची गल्ली, म्हणजे आमची, म्हणाली दरवेळी आम्हीच का मरायचं. शेवटी कुणीतरी म्हणालं, वाटे करा. आणि सगळ्यांना ते पटलं. तळाला आडवी एक, उभी एक अशा दोऱ्या बांधल्या. चार गल्ल्या, चार वाटे. गावाबाहेरच्या वस्तीला वाटा दिला नाही. त्यांना खणायला बोलावलं होतं, पण आमच्या गल्लीच्या वाट्यात.

नारळ फुटला आणि सरपंचांनी सांगितलं, आता बायकांनी खाली उतरायचं नाही, विटाळ होतो. दोन महिने आम्ही तिथं गुडघ्यापर्यंत चिखलात बसलो होतो तेव्हा विटाळ झाला नव्हता. पण काम म्हणून जे काही असतं ते सुरू झालं होतं, त्यामुळं आता आमची सावली नको होती.

माझ्या जिवाला एकच घोर लागला होता. नवऱ्यानं लातूरच्या एका मुकादमाला शब्द दिला होता. जिल्हा झाल्यामुळं तिथं नवीन बांधकामं निघाली होती, माणसं पाहिजे होती, जोडपी चालतील म्हणाले होते. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, निघायचं होतं.

"आखितीपर्यंत पाणी लागलं तर ऱ्हाऊ," नवरा म्हणाला. "न्हाई तर मुकादम ट्रक घेऊन येणार हाय. बिऱ्हाड उचलायचं."

मी लातूर एकदाच पाहिलं होतं, एका लग्नाला गेले तेव्हा. तिथं सार्वजनिक नळावर बायका एकमेकींचे हंडे लाथेनं सारत होत्या आणि जिचा आवाज मोठा तिचा हंडा भरत होता. मी परत येईपर्यंत तेच आठवत होते. इथं मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी त्याचं काही मानत नाही. तिथं मी तहानेनं मेले असते. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो हसला असता.

तर खणणं सुरू झालं. आम्ही बायका वरून, काठावरून बघायचो. आमच्या आणि मधल्या गल्लीतली, पेठेतली माणसं खरंच खणत होती, ते नाकारत नाही. पण कशी, ते सांगते. दोरीपर्यंत खणायचं आणि थांबायचं. दोरीपलीकडं पहारीचं टोकसुद्धा जाऊ द्यायचं नाही. पेठेच्या वाट्यातला गाळ घसरून आमच्याकडं आला, त्यावरून अर्धा दिवस गेला.

"तुमचा गाळ उचला आधी."

"आमचा कशावरनं? नाव लिवलंय का त्याच्यावर?"

"काळा हाय. काळा पेठंचा. आमच्याकडं मुरूम लागलाय."

एक मोठा धोंडा बरोबर दोरीखाली निघाला. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. त्याला कुणी हात लावला नाही. दोन्हीकडून खणत गेले आणि तो मध्ये तसाच उभा राहिला. त्याला कुणी शेंदूर फासला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

वरच्या गल्लीचं तर विचारूच नका. ते पहिल्या दिवशी धुतलेल्या धोतरात आले, हातभर गाळ काढला, आणि मग त्यांना उदगीरला कामं निघाली. बाकीचे तीन वाटे खाली गेले आणि यांचा वाटा ओट्यासारखा वर राहिला. भिंतीची सावली त्याच बाजूला पडायची. मग दुपारी चारी गल्ल्यांची माणसं त्या ओट्यावर बसून भाकरी खायची. आणि मला माहीत असलेली चीर बरोबर त्या ओट्यामागं, गाळाखाली. पाण्याला टेकून बसलेली माणसं वरच्या बायकांना ओरडून पाणी मागायची. आम्ही दोन कोसांवरून आणलेलं पाणी दोरीनं खाली सोडायचो.

बाकीच्या वाट्यांत काळा पाषाण लागला. पहार मारली की ठिणगी उडायची. पाण्याचं नाव नाही. आखितीला आठ दिवस राहिले होते.

शेजारची आक्का ही माझ्या ओळखीची म्हणावी अशी एकटीच बाई. वयानं मोठी, लिंगायताची, गळ्यात लिंग, तोंडात निम्मं कानडी. तिच्याशी मी बोलू शकते, कारण ती उत्तराची वाट बघत नाही. तिला मी चिरीचं सांगितलं.

"अय्यो! मग नवऱ्याला सांग की गं बाई."

संध्याकाळी ताट वाढल्यावर मी सांगितलं. नवरा जेवायचा थांबला नाही.

"चौथी शिकलीस म्हणून विहिरी बी समजायला लागल्या का तुला?"

मी म्हणाले, मी रोज तिथंच बसत होते.

"आसंल. पण ती जागा वरच्या गल्लीच्या वाट्यात हाय. त्यांच्या वाट्यात आपुन का मरायचं? त्येंनी खणावं."

"त्यांना सांगा मग."

"मी? त्येंच्या दारात जाऊन? लई शाणी हाईस."

तो गाव सोडून जायला तयार होता, परक्या गावात विटा वाहायला तयार होता, पण एक दोरी ओलांडायला तयार नव्हता. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. राग येण्याइतका तो मोठाच वाटला नाही.

आखितीच्या चार दिवस आधी नव्या जिल्ह्याचे कुणी साहेब श्रमदान बघायला येणार असं कळलं. सरपंचांची उदगीरची कामं म्हणजे हीच. सकाळपासून गावातले झाडून सगळे पुरुष हार, हलगी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहिले. श्रमदान बघायला साहेब येणार म्हणून श्रमदान बंद होतं.

आक्का माझ्या दारात आली. हातात पहार.

"चल."

"कुठं?"

"विहिरीत. आता एक बी मिशी न्हाई गावात."

मी नको म्हणाले. बायका जमतील, विचारतील, मला सांगता येणार नाही.

"तू बोलू नकोस. नुसतं बोट दाखव. पुढचं तोंड माझं."

अकराजणी झालो. वस्तीतल्या दोघी होत्या, त्यांना आक्कानंच हाक मारली होती. विटाळाचं एकीनं काढलं तेव्हा आक्का म्हणाली, "वरुणदेव फाट्यावर गेलाय हार घालायला. उतर खाली." सगळ्या हसल्या आणि उतरल्या. मी ओट्यावर चढले आणि बोट दाखवलं. बाकीच्या दहाजणी माझ्याकडं बघत होत्या. मग खाली बसून हातानंच उकरायला लागले, म्हणजे कुणाकडं बघायला नको.

दोरी मध्ये यायला लागली. आक्कानं ती विळ्यानं कापून टाकली. गाळ आम्ही उचललासुद्धा नाही, खालच्या खड्ड्यात ढकलून दिला, कुणाचा काळा आणि कुणाचा पांढरा ते न बघता. कमरेइतकं गेलो तेव्हा ओल लागली. मग चिरीच्या तोंडाशी अडकलेला दगड वस्तीतल्या एकीनं पहारीनं हलवला आणि बोटाएवढी धार निघाली. आधी लाल, मग गढूळ. हळूहळू मनगटाएवढी झाली. त्या दगडालगत सगळ्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी तोंडावर पाणी मारलं, त्यात चिखल होता.

ओटा वर आणि बाकीचे वाटे खोल, त्यामुळं सगळं पाणी वाहत खाली गेलं. सगळ्यात खोल आमच्या गल्लीचा वाटा होता, कारण तिथं वस्तीतल्या माणसांना राबवलं होतं. पाणी तिथं साचायला लागलं.

साहेब दुपार टळल्यावर आले. हलगी वाजत आली आणि काठावर येऊन एकदम थांबली. खाली घोटाभर पाणी आणि चिखलानं माखलेल्या अकरा बायका.

सरपंचांना सावरायला फार वेळ लागला नाही. "बघा साहेब," ते म्हणाले, "आमच्या गल्लीच्या वाट्याला झरा लागला."

तेवढ्यात माझा नवरा पुढं आला. जो माणूस तलाठ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहतो तो साहेबासमोर बोलला. "झरा त्येंचा आसंल साहेब. पाणी कुणाच्या खड्ड्यात हाय ते बी बगा."

"वाटा म्हणजे?" साहेब म्हणाले. "विहीर एकच आहे ना?"

सगळे सरपंचांकडं बघायला लागले आणि सरपंच गुरुजींकडं. शेवटी गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "एकच आहे साहेब. गावानं एकीनं खणली."

"एकीनं कुठली," आक्का खालून म्हणाली. "अकराजणी लागल्या."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले. मग आम्हाला वर यायला सांगितलं, कारण फोटो काढायचा होता आणि आमची लुगडी भरली होती. सरपंच आणि गुरुजी चपला काढून खाली उतरले, हातात पहार धरून उभे राहिले. मी पायऱ्यांवरून खाली मान घालून वर आले. मला कुणी काही विचारलं नाही याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं, हेही लिहून ठेवते. आक्का मात्र सरपंचांजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "पहार उलटी धरलाव, मालक."

पाण्यावरून पुढं तीन दिवस पारावर कालवा चालला. झरा वरच्यांचा, खड्डा खालच्यांचा, दोरी कुणी कापली त्याला दंड करा. वस्तीतल्या दोघी घागरी घेऊन आल्या तेव्हा त्यांना वरच थांबा, पाणी ओतून देऊ असं सांगणारे होतेच. आक्कानं त्यांना हाताला धरून खाली नेलं, त्या एका दिवशी. रोज काही ती तिथं नव्हती. पाणी मात्र तोवर गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि बायका पारावरचा निकाल लागायची वाट न बघता भरत होत्या.

आखितीला मुकादम आला. बाहेर ट्रक उभा होता, त्यात दुसऱ्या गावांची माणसं, पोरं, कोंबड्या. मी आत भाकरी थापत होते. नवऱ्यानं आठ दिवसांपासून बांधून ठेवलेलं बोचकं दाराशीच होतं. माझ्या हातातली भाकरी दोनदा फाटली.

"निघायचं ना?" मुकादमानं विचारलं.

"आता कशाला येतो," नवरा म्हणाला. "पाणी हाय आता. आमच्या खड्ड्यात हाय."

"विहीर गावाची आहे म्हणून ऐकलं."

"विहीर गावाची आसंल. खड्डा आमच्या गल्लीचा. आता मी गेलो तर वरची गल्ली येऊन बसंल तिथं. जागा सोडून चालत न्हाई."

मुकादम काही तरी पुटपुटला आणि गेला. ट्रकचा आवाज लांब जाईपर्यंत मी भाकरी तव्यावर टाकली नाही. माझं गाव राहिलं ते पाणी लागलं म्हणून नाही. वरच्या गल्लीला जागा मिळू नये म्हणून राहिलं. पाणी कुणी दाखवलं हे तो मुकादमाला बोलला नाही, नंतरही कधी कुणाला बोलला नाही, आणि मीही बोलले नाही. मला राहायचं होतं, या असल्याच माणसांत. दुसरीकडची माणसं मला माहीत नव्हती.

नवरा आत आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ."

मी आधी ते बोचकं सोडलं. त्याची धोतरं दांडीवर टाकली, माझी दोन लुगडी कोनाड्यात ठेवली. मग वाढलं.