मजामा म्हणत काढलेली वर्षं

भुसावळ स्टेशनवर मला सोडायला आलेल्या अण्णांनी गाडी सुटेपर्यंत तीन वेळा माझा खिसा चाचपला. पाकीट आतल्या खिशात आहे ना, तिकीट वेगळं ठेवलंस ना, शेजारच्याने दिलेलं काही खायचं नाही, असं त्यांचं चाललं होतं. आई खिडकीचे गज धरून नुसती उभी होती. मी तेवीस वर्षांचा होतो. जवळ आयटीआयचं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचं प्रमाणपत्र होतं आणि बडोद्याजवळच्या एका केमिकल प्लांटचं बोलावणं. गाडी हलली तेव्हा अण्णा बरोबर चालत म्हणाले, "तिकडे कुणाला मनातलं सांगत बसू नकोस. लोक ऐकून घेतात आणि नंतर वापरतात." मी मान डोलावली. अण्णांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी मी सुरत यायच्या आत विसरलो, ही मात्र बावीस वर्षं इमानेइतबारे पाळली.

आपल्या गल्लीच्या ग्रुपवर गेल्या दिवाळीपासून माझ्याबद्दल कुजबुज चालू आहे, हे मला ठाऊक आहे. कुणी म्हणतं नोकरी गेली, कुणी म्हणतं दारू लागली. मी ग्रुपवर बोलत नव्हतो, पण वाचत सगळं होतो. तेव्हा जे भुसावळलाच राहिलात आणि जे माझ्यासारखे सुरतेला, पुण्याला, मस्कतला गेलात, त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. मला डिप्रेशन झालं होतं. औषध अजून चालू आहे. हे वाचून तुमच्यातला कोण पहिला फोन कुणाला करेल, त्याचाही मला अंदाज आहे.

मी संशयी आहे हे तुम्हाला नवीन नाही. पण लक्षात घ्या, मला पगारच संशय घेण्याचा मिळतो. प्लांटमध्ये टाकीवरचा काटा जे दाखवतो ते खरं धरायचं नसतं. काटा अडकतो, नळी तुंबते, वायर सैल होते. मग दुसरा काटा लावून ताडून बघायचं, ते आमच्या खात्याचं काम. हे काम घरी येताना गेटवर ठेवून यायचं असतं, ते मला कधी जमलं नाही. बडोदं तसं माणसाला पटकन सामावून घेणारं गाव. रावपुऱ्यात गेलं की दुकानदार आपल्याशी मराठीत बोलतो, आम्ही राहतो त्या समा भागातल्या सोसायटीत शेजारच्या घरून ढोकळा येतो. मी तो खायचो आणि हे लोक इतके गोड का वागतात, याचा विचार करत बसायचो. जिन्यात कुणी "केम छो?" विचारलं की "मजामा", म्हणजे मजेत, म्हणायचं, हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो. इथे सगळेच तसं म्हणतात. मला तर ते फारच सोयीचं पडलं, कारण त्यानंतर कुणी पुढे काही विचारत नाही.

आजार आला तेव्हा मला तो आजार वाटलाच नाही. दुःख होईल, रडू येईल, असं काही असतं अशी माझी समजूत होती. मला रडू आलं नाही. मला फक्त चहाची चव लागेनाशी झाली. पहाटे तीन-चारला जाग यायची आणि मग झोप नाही. पॅनेलसमोर उभं राहून एकच आकडा चार वेळा वाचायचो आणि वहीत लिहायच्या आत विसरायचो. सहा महिने मी हे शिफ्टवर ढकललं, मग पाण्यावर, मग एका साहेबावर. शेवटी शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, कुठून तरी नंबर मिळवला आणि मला स्कूटरवर मागे बसवून मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असावा, एवढी एकच अट मी घातली होती. तरीही मी स्कूटर दोन दुकानं सोडून, चष्मेवाल्याच्या दारात लावायला सांगितली.

डॉक्टर साठीच्या गुजराती बाई होत्या. आत गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, "केम छो?" आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मजामा." शुभाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मी पुन्हा बोलेपर्यंत थांबल्या.

सोसायटीत मी दातांचं काम काढलंय असं सांगितलं होतं. दर पंधरा दिवसांनी मी दातांसाठी रजा घेत होतो. चार महिन्यांनी शेजारचे जयंतीभाई लिफ्टमध्ये म्हणाले, "भाई, तमारा मोढामां केटला दांत छे?" तोंडात दात आहेत तरी किती, अशी ते थट्टा करत होते. मी मात्र दोन दिवस यांना नक्की काय कळलंय, याचाच विचार करत होतो.

गोळ्यांवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील, सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, थोडी गुंगी येईल, बरं वाटलं तरी काही महिने घ्याव्या लागतील, आणि थांबवायच्या तेव्हा आपण हळूहळू कमी करू, स्वतःहून सोडायच्या नाहीत. मी ऐकलं ते असं: तोट्याची गोष्ट आजपासून, फायद्याची पुढच्या महिन्यात, आणि गिऱ्हाईक सुटता कामा नये. खालचा केमिस्ट आणि डॉक्टर नातेवाईक आहेत का, याचीही मी चौकशी केली. नव्हते. दर वेळी नऊ प्रश्नांचा एक कागद भरायचा असे, झोप कशी, भूक कशी, मरणाचे विचार येतात का. मला वाटे, हे कसलं माप? जे यंत्र बिघडलंय त्यालाच विचारायचं, बाबा तू बरोबर चालतोस का?

सगळ्यांत जास्त संशय मी शुभावर घेतला. ती गॅलरीत फोनवर बोलत असली की मला वाटे, माझ्या आईला सांगतेय. आईचा फोन आला आणि ती जरा जपून बोलली की माझी खात्री पटायची. मी शुभाचा फोन उघडून पाहिलाय, हे आज लिहून ठेवतो. त्यात काही नव्हतं, तेव्हा तिने पुसलं असेल असं मी धरून चाललो.

आणि तरीही मी बरा झालो. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी चहाला चव आली. झोप सलग होऊ लागली. मी जयंतीभाईंबरोबर समाच्या तळ्याकडे फिरायला जाऊ लागलो. आता कुणीही शहाण्या माणसाने गप्प बसून गोळ्या घेतल्या असत्या. मी इन्स्ट्रुमेंटवाला. आमच्याकडे एखादा कंट्रोलर खरंच काम करतोय का हे बघायचं असेल तर तो काढून बाजूला ठेवतात आणि काट्यावर लक्ष ठेवतात. काटा हलला नाही, तर कंट्रोलर नुसताच शोभेचा होता. सातव्या महिन्यात मी तेच केलं. रोज एक गोळी पाकिटातून काढायची आणि बेसिनमध्ये सोडून द्यायची, म्हणजे शुभाने मोजल्या तरी बरोबर भरतील. पहिले काही दिवस चक्कर आली, चिडचिड झाली, ती मी उन्हावर घातली. पुढे तीन आठवडे काही झालं नाही. मी मनातल्या मनात जिंकलो होतो.

मोठी टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो. स्वतःच्या बाबतीत ते मला सुचलं नाही. पाचव्या आठवड्यात चव गेली, सातव्यात झोप गेली. या वेळी आणखी एक गोष्ट आली. आपण नसलो तर शुभाचं बरं होईल, असा विचार येऊ लागला, आणि तो मला अगदी हिशेबी आणि शहाणपणाचा वाटू लागला. बावीस वर्षं मी काट्यांवर संशय घेतला, या एका विचारावर मात्र घेतला नाही.

रविवारची दुपार होती. शुभा पेपर पसरून पापडीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. का ते माहीत नाही, पण मी बोललो. गोळ्या बेसिनमध्ये गेल्या ते सांगितलं आणि तो विचारही सांगितला. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं.

"मी कुणालाच सांगितलं नाही," ती म्हणाली. "माझ्या आईलासुद्धा नाही. तुला आवडणार नाही म्हणून. वर्षभर मी एकटीच आहे रे."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. ज्या बाईवर मी पहारा ठेवला, ती माझ्यासाठी तोंड शिवून वाळत चालली होती, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं. त्याच दुपारी तिने डॉक्टरांना फोन लावला, आणि डॉक्टरांनी रविवार असूनही आम्हाला बोलावून घेतलं. या वेळी स्कूटर मी दवाखान्याच्या दारातच लावायला सांगितली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. असा विचार परत आला तर त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं, थांबायचं नाही, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि काही आठवडे गोळ्यांचं पाकीट शुभाकडे राहील असं ठरवलं. मग म्हणाल्या, "प्लांटमां एक ज मीटर पर भरोसो करो छो?" एकाच मीटरवर विसंबतोस का, असं त्या विचारत होत्या. मी नाही म्हटलं. "तो अहीं बीजुं मीटर कोण?" इथे दुसरं मीटर कोण, म्हणून मी शुभाकडे बघितलं. तेव्हापासून तो नऊ प्रश्नांचा कागद आम्ही दोघं वेगवेगळा भरतो. मी माझा, आणि मी कसा दिसतो ते ती. आकडे जुळत नाहीत त्या आठवड्यात आम्ही दवाखान्यात फोन करतो. प्लांटने मला शिफ्टमधून काढून दिवसपाळी दिली. रावपुऱ्यात एक मराठी समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे दर गुरुवारी जातो. ते आपल्या ओळखीतल्या चार मराठी घरांत तरी जात असणार आणि माझं तिथे बोलत असणार, अशी मला अजूनही शंका आहे. ती शंका मी त्यांना तोंडावर सांगितली. त्यावर ते म्हणाले की तुम्ही बोललात हे बरं झालं, आणि तासभर आम्ही त्याच्यावरच बोललो. शुभाही आता तिच्या बहिणीला फोन करते, मला ऐकू येईल अशा आवाजात.

मी पूर्ण बरा झालोय असं मी म्हणणार नाही. कुणी तसं म्हणालं तर त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण सकाळी चहाची चव लागते, आणि लागली नाही तर ते कुणाला सांगायचं हे मला माहीत आहे. घर म्हणजे काय, हे मला विचाराल तर आता एवढंच सांगता येईल. भुसावळचं घर मी बावीस वर्षं खुशालीचे निरोप पाठवून लांब ठेवलं, आणि समाच्या घरात मी पाहुण्यासारखा बोलत राहिलो. दोन घरं असून मी कुठेच राहत नव्हतो.

गेल्या महिन्यात मी आईला फोन केला. अण्णा जाऊन चार वर्षं झाली, ती आता मोठ्या भावाकडे असते. मी तिला सगळं सांगितलं. बोलताना मी तिच्या एका वाक्याची वाट बघत होतो. मन घट्ट कर, असं ती म्हणणार, आणि मग मी फोन ठेवणार, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. सगळं सांगून झालं. लाइन कट झाली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे रे, ऐकतेय," ती म्हणाली. "गोळी जेवणाआधी असते का नंतर?"

नंतर, मी म्हटलं.

"मग आधी जेवून घे बाबा. मी फोन धरून बसते."