मुखपृष्ठावरचा बाप

"दाढी कशाला केली हो तुम्ही? ठेवा म्हणून निरोप दिला होता ना?"

माझ्या बापाला हे विचारणारा माणूस माझ्याच वयाचा. पुण्याहून आलेला फोटोग्राफर. आप्पा त्याच्यापुढं उभा. सकाळी न्हाव्याकडं जाऊन गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॅन्ट, पायात बूट. पोरीच्या पुस्तकासाठी फोटो काढायचाय म्हणून माणूस सोयरीक जमवायला निघाल्यागत नटून आला होता. फोटोग्राफरनं त्याला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि मागं उभ्या असलेल्या प्रकाशकाला म्हणाला, "सर, हे तर बँकेतले शिपाई वाटतात."

प्रकाशक हसला. "काढू त्यातून काहीतरी."

आप्पा पण हसला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

हे सांगोल्याकडच्या आमच्या गावात. गाव म्हणायला आमचं. मेंढरं विकून आप्पा सोलापुरात आला त्याला जमाना झाला. तो एका गोडाऊनवर वॉचमन आहे आणि मी चिंचोळी एमआयडीसीत, औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला. भाड्याच्या दोन खोल्या. मेंढरामागं मी फिरले ती लहानपणी, शाळेच्या सुट्टीत, तेवढंच. पण मुखपृष्ठावर मेंढरं पाहिजेत असं प्रकाशकाचं म्हणणं, म्हणून गाडी करून आम्हाला माळावर आणलेलं.

"शर्ट काढा," फोटोग्राफर म्हणाला. "धोतर नाही का एखादं? मळकं असलं तर उत्तम."

नव्हतं. कुठनं असणार? शेजारच्या बिरूतात्याचं धोतर आणलं. त्याचाच फेटा, त्याचंच घोंगडं, त्याचीच मेंढरं. तात्याच्या घराच्या भिंतीआड जाऊन आप्पानं कपडे बदलले. बाहेर आला तर धोतर आखूड, पोटऱ्या उघड्या. तात्याच्या सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आप्पा आपला धोतर खाली ओढतोय, ओढतोय.

मग फोटोग्राफर वाकला, मूठभर माती घेतली आणि आप्पाच्या गालाला चोळली. विचारलं नाही. सांगितलं नाही. भिंतीला गिलावा करावा तसं दोन्ही गाल, कपाळ, मान. माझ्या बापाच्या तोंडाला परका हात लागत होता आणि बाप डोळे मिटून उभा होता.

"लई लावायची हाय का अजून?" आप्पानं एवढंच विचारलं.

"आता खाली बसा. अहो, घोंगड्यावर नाही, मातीत. वर बघा. तसं नाही. चेहऱ्यावर काहीतरी येऊ द्या ना."

काही येईना. प्रकाशक घड्याळ बघायला लागला. म्हणाला, "डोळ्यात पाणी आणता येतं का बघ."

फोटोग्राफर आप्पाच्या पुढ्यात उकिडवा बसला. "आजोबा, बायको आहे का तुमची?"

"न्हाय. गेली."

"मग झालं तर. तिला आठवा."

आणि आप्पानं आठवलं. खरंच आठवलं. आई गेली तेव्हा माणसांपुढं न रडलेला माझा बाप मेंढरांच्या लेंड्यांत बसून रडला. मातीवरनं पाण्याचे ओघळ आले. फोटोग्राफर ओरडला, "बेस्ट! हलू नका! बेस्ट!"

मी तिथंच उभी होते. अंगाची लाही लाही होत होती, पण पुस्तक पाहिजे होतं मला. मोठ्या प्रकाशनाचं, दुकानात मांडलेलं, पाठीवर त्यांचा शिक्का असलेलं. ती हाव माझ्या तोंडात बोळ्यागत बसली होती.

हाव अशी उगाच लागली नव्हती. सोलापुरात कॉलेजवर एक प्राध्यापक आहेत, लेखक म्हणून त्यांचं नाव आहे. माझं लिखाण घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले होते. त्यांनी चार पानं चाळली आणि बजावलं, "काहीही करा, पण स्वतःच्या खर्चानं छापू नका. स्वतःच स्वतःच्या गळ्यात हार घालायचा तो प्रकार. चांगल्या प्रकाशकानं घेतलं तरच तुम्ही लेखिका. नाहीतर हौस." ते वाक्य मी ताईत बांधावा तसं बांधलं. सगळीकडं पाठवत सुटले. कुणी होय म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी हा एक पुण्याचा प्रकाशक "बघू या" म्हणाला. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

लिहिलं काय होतं मी? पॅकिंगमधल्या बाया. तेच नाव पण दिलं होतं पुस्तकाला. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या झोपणाऱ्या. टोपी आणि मास्क घालून एकमेकींना नुसत्या डोळ्यांवरनं ओळखणाऱ्या. संडासला जायचं तर सुपरवायझरपुढं हात वर करणाऱ्या, आणि तो मुद्दाम दुसरीकडं बघतो तेव्हा हात तसाच वर धरून थांबणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, मोबाईलवर अंगठ्यानं लिहिलेलं. मेंढरं त्यात नावाला, एका प्रकरणात.

फोटोनंतर महिन्याभरानं पुण्याला बोलावणं आलं. पॅसेजमध्ये स्टुलावर बसवलं. आतनं चहाचे कप जात होते, येत होते. जेवणाची वेळ टळल्यावर आत घेतलं. टेबलावर मुखपृष्ठ. पानभर आप्पा. चिखल झालेले गाल, भरलेले डोळे. वर नाव, 'मेंढरामागची पोर'. माझं नाव खाली कोपऱ्यात, भिंग लावून शोधावं असं.

"माझं नाव बदललंय पुस्तकाचं," मी म्हणाले.

"बदलावं लागतं. कंपनीचा भाग काढलाय, त्यात कुणाला रस नसतो. मेंढरांचं वाढवा. उपासमार, उन्हातान्हाची भटकंती. आणि आई कशी गेली ते सविस्तर येऊ द्या."

"आई सिव्हिलमध्ये गेली. काविळीनं."

"मग माळावर घ्या ना. कोण तपासायला बसलंय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझ्या आईला त्याला खाटेवरनं उचलून उघड्यावर मारायची होती. एकदा मेलेल्या बाईला.

"ते खोटं हाय," मी म्हणाले. रागात माझं तोंड गावाकडचं होतं.

"बाई, साहित्य आहे ते." त्यानं करार पुढं सरकवला. "हे बघा, स्पष्ट बोलतो. तुमच्या नावावर एक प्रत खपणार नाही. खपलं तर वडिलांच्या चेहऱ्यावर खपेल. सही करा."

पेन हातात होतं. मी ते झाकण लावून टेबलावर ठेवलं.

"माझं लिखाण माझ्याकडंच हाय. तुमी नका छापू."

त्याला हसू आलं. "छापा मग तिकडंच. लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये. आणि वाटा नातेवाइकांना."

"वाटते की," मी म्हणाले आणि उठले. जिना उतरले. खोटं कशाला बोलू, स्वारगेटला येईपर्यंत वाटत होतं, मागं फिरावं. सॉरी म्हणावं. फिरले नाही.

घरी आप्पा वाटच बघत होता. "कवा येनार पुस्तक?"

सांगितलं सगळं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवेल. त्यानं पुढ्यातलं ताट लोटलं.

"मग मी रडलो कशाला? सुनाबाळांपुढं माजा तमाशा झाला, त्यो कशापायी? तुज्या पुस्तकापायीच नव्हं का? आन तू पेन ठिवून आलीस व्हय? लई शानी!"

खरंच होतं ते. त्यानं मोजायची ती किंमत मोजली होती आणि माल मी दुकानातच टाकून आले होते. पुढं कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. डबा भरून ठेवला की घेऊन जायचा.

पुस्तक मी लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्येच छापलं. साखर पेठेतले अंबादासअण्णा. पत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळाच्या वर्गणीची बुकं, हाच त्यांचा धंदा. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. मला म्हणाले, "वर काय टाकू, ताई? फूल टाकू, का देव टाकू?" मी म्हणाले, काही नको, नुसती अक्षरं टाका. कंपनीच्या सोसायटीचं कर्ज काढलं. गठ्ठे आले ते पलंगाखाली ठेवले.

आणि मग लोकांनी सोलायला घेतलं मला. दुकानदारानं पुस्तक उलटंपालटं केलं. "प्रकाशक कोण?"

"मीच."

"लेखिका?"

"मीच."

"वाचणार पण तुम्हीच का?" गल्ल्यावरचे सगळे खो-खो हसले. पुस्तक त्यानं दोन बोटांत धरून परत दिलं.

प्राध्यापकांकडं नेलं. ते एका पुरस्काराच्या समितीवर होते. "स्वप्रकाशित आम्ही विचारात घेत नाही," म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं." बोलता बोलता चहा आला. त्यांनी कप माझ्या पुस्तकावर ठेवला. मुद्दाम नव्हे. तेच तर. मुद्दाम ठेवला असता तर त्यांनी पुस्तक बघितलं तरी असतं.

पॅकिंगमधल्या बायांनी तेवढं पुस्तक विकत घेतलं. डोक्यावर घेऊन नाचल्या असं समजू नका. एकीनं वाचून परत आणलं, माझ्या अंगावर टाकलं. "माज्या नवऱ्याचं का लिवलंस गं भवाने? कोनाला इचारून?" बसमध्ये ती अजून माझ्याशेजारी बसत नाही. तिचं खरं आहे. नाव बदललं होतं, पण मार तिचाच होता. तिला मी आधी विचारायला पाहिजे होतं, आणि आता ते मी कधी चुकणार नाही.

अशात सोलापुरात पुस्तकांचं प्रदर्शन भरलं. मी शिफ्ट संपवून गेले. गेटवर फ्लेक्स. दोन मजली माझा बाप. तीच माती, तेच डोळे. पुस्तक भलत्याच माणसाचं, पुण्याच्या एका नावाजलेल्या लेखकाचं, मेंढपाळांच्या जगण्यावर. प्रकाशक आमचाच. पुस्तक उघडून बघितलं, आत छायाचित्रकाराचं नाव छापलेलं, ठळक. आप्पासाठी दोन शब्द. 'एक मेंढपाळ'.

त्याच मांडवात दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. मी आप्पाला ड्युटीवरनं उचललं, तसंच वॉचमनच्या ड्रेसवर. फ्लेक्सपुढनं आम्ही दोघं आत गेलो. कुणी ओळखलं नाही.

लेखक बोलायला लागला, "हा अनाम चेहरा मला रात्र रात्र झोपू देत नाही..." आणि मी उठले.

"अनाम न्हाय. माजा बाप हाय त्यो. हितं बसलाय. नाव छापा त्याचं."

मला वाटलं, आता धक्के मारून बाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. प्रकाशकानं माईक घेतला. "अरे वा! प्रत्यक्ष नायकच आपल्यात! या, बाबा, या!" आप्पाला हाताला धरून स्टेजवर चढवलं. वॉचमनच्या ड्रेसवर घोंगडी पांघरली. हातात काठी दिली. लेखकानं मिठी मारली. टाळ्या, टाळ्या, फोटो. नाव कुणी विचारलं नाही. माईकवर 'बाबा', 'बाबा', 'बाबा'. एवढ्या टाळ्यांत माझं म्हणणं कुठल्या कुठं बुडून गेलं.

कार्यक्रम संपल्यावर प्रकाशक बाजूला आला. "झालं ना समाधान? तुमचं ते पॅकिंगचं बघितलं मी. बरं आहे. दुसरी आवृत्ती आमच्याकडून काढू. फक्त यापुढं असं उठून बोलायचं नाही. लेखिकेला शोभत नाही."

प्राध्यापक शेजारीच उभे होते. "हो म्हणा, हो म्हणा. नशीब काढलंत."

आणि आप्पानं माझा दंड धरला. घामानं डबडबलेला, घोंगडी अजून अंगावर. "व्हय म्हन की, बाई. आता तरी व्हय म्हन. लई सोसलं मी. येवडं ऐक माजं."

ते दोघं काय, त्यांना तोंडावर उडवून लावणं आता सोपं होतं. पण हा हात माझ्या बापाचा होता. दंडाला त्याची बोटं रुतली होती.

"न्हाय," मी म्हणाले. आप्पाकडं बघूनच म्हणाले. "न्हाय, आप्पा."

त्यानं हात सोडला. घोंगडी सावरली आणि निघून गेला. आता तो परत माझ्याशी बोलत नाही. पेपरात आलेला सत्काराचा फोटो त्यानं गोडाऊनच्या केबिनमध्ये चिकटवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. माझं पुस्तक त्याच्या केबिनमध्ये नाही.

मी दुसरं लिहितेय. तेही मीच छापणार. ठेवून घेणारं दुकान नसलं तर कंपनीच्या गेटवर पिशवी घेऊन उभी राहीन. पुरस्कार त्यांचे त्यांनाच लखलाभ. नव्या पुस्तकात आप्पाचं नाव असेल, बापाच्या नावासकट, आडनावासकट. तो त्याची परवानगी देईल तेव्हाच छापीन. नाही दिली तर थांबेन. वर्ष थांबेन, दहा वर्षं थांबेन. आई सिव्हिलमध्येच मरेल. आणि ह्या लोकांच्या दारात मी परत पाय ठेवणार नाही, माझ्या बापानं माझ्या पायावर डोकं ठेवलं तरी.