ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी

माझ्या ब्लाउजला हूक लावताना शिवणकाम करणाऱ्या शैलाताईंच्या बोटात सुई घुसली. त्यांनी बोट पटकन तोंडात घातलं, पण ब्लाउजच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडलाच. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी नको," त्या म्हणाल्या. "ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी लागते. तुमची नाही चालायची."

थुंकी लावून त्यांनी ठिपका चिंधीने टिपला. डाग खरंच गेला.

मला गेल्या आठवड्यातले डॉक्टर आठवले. माझ्या जठरातल्या अल्सरचा फोटो दाखवत ते म्हणाले होते, "गोळी आम्ल कमी करते. जखम भरतात तुमच्याच पेशी. त्यांना वाढीचा निरोप देणारी प्रथिनं शरीरच बनवतं. त्यातलं एक तर लाळेत असतं."

लाळेत! आपण दिवसभर नकळत गिळतो ती! खालच्या त्या अंधारात, आम्लात, हा निरोप पेशींना ऐकू तरी कसा येत असेल?

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

"छे, भरेल की," म्हणत शैलाताईंनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईत ओवलं.

मी आयुष्यात पहिल्यांदाच, लक्ष देऊन, तोंडातली लाळ हळूच खाली पाठवली.