‘कापीन’ म्हणणारा विंचवाला

दुसऱ्याच्या हातात जीव देण्याची नोकरी मी करतो आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. रिक्षाचं मीटर, भाजीवालीचा काटा, सोसायटीच्या सेक्रेटरीचं अचानक गोड झालेलं बोलणं, सगळ्याकडे मी जरा तिरक्या नजरेनंच बघतो. बायको म्हणते, ‘तुम्ही दुधाची पिशवीसुद्धा उलटसुलट करून बघता.’ बघतो. एकदा फुटकी निघाली होती.

माझं काम असं. हेलिकॉप्टर एका जागी हवेत थांबतं, दाराबाहेर बसवलेल्या विंचमधून पोलादी केबल खाली सुटते आणि तिच्या टोकाच्या हुकाला मी लटकलेला असतो. डोंगरात कुणी अडकलं, पुरात कुणी छपरावर बसून राहिलं, की मी उतरायचं आणि त्याला घेऊन वर यायचं. आधी हे गणवेशात केलं, आता एका खासगी कंपनीत करतो. यात पायलटला आपल्या पोटाखालचं काही दिसत नाही. दिसतं ते विंचवाल्याला. तो दारात गुडघ्यावर बसतो. एका हातात विंचचं बटण, दुसऱ्या हाताच्या चामडी मोज्यातून केबल सरकतेय, आणि तोंडाने पायलटशी सतत बोलणं चालू : थोडं पुढे, अजून पुढे, जरा डावीकडे, बस, स्थिर. तो म्हणेल तिथे हेलिकॉप्टर आणि तो सोडेल तितका मी.

त्याच्याजवळ आणखी एक बटण असतं, झाकणाखाली. केबल खाली कशात अडकली आणि सुटेचना, तर झाकण उघडून ते दाबायचं. मग विंचमधलं पातं केबल कापतं. अडकलेली केबल अख्खं हेलिकॉप्टर खाली ओढू शकते म्हणून ही सोय. आणि केबलला माणूस असेल तर? नियमात त्याचंही उत्तर आहे. ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे आणि कुणी कुणाला ते म्हणून दाखवत नाही.

त्याऐवजी आमच्यात एक रिवाज आहे. नव्या विंचवाल्याच्या हातून पहिल्यांदा उतरायच्या आधी लटकणाऱ्याने हसत विचारायचं, ‘अडकलो तर कापणार का?’ आणि विंचवाल्याने म्हणायचं, ‘नाही.’ पुढे काय जोडायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दृष्ट काढल्यासारखा प्रकार आहे. मीठमोहऱ्यांनी काही होत नाही हे ठाऊक असलं तरी ओवाळून टाकल्यावर बरं वाटतं.

माझा जुना विंचवाला साताऱ्याकडचा, माझ्याहून बराच मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा तो एवढ्या मोठ्यांदा हसला की पायलटने वळून पाहिलं. ‘कापतोय कशाला? आधी मी उडी मारीन, मग काय ते बघू,’ असं म्हणून त्याने माझ्या हेल्मेटवर टपली मारली. पुढे प्रत्येक वेळी ती टपली बसायची आणि मगच मी दाराबाहेर पाय टाकायचो. संशयी माणसालाही एखादी जागा लागते जिथे तो डोळे मिटून बसू शकेल. माझी ती जागा म्हणजे दादा. पुढे तो निवृत्त होऊन गावी गेला.

त्याच्या जागी हा आला. मूळचा पेठेतला, आता राहायला येरवड्याला. येरवडा म्हटल्यावर तुरुंगाचा विनोद होतोच, तसा तो झाला. ‘भिंतीच्या आत की बाहेर?’ कुणीतरी विचारलं. ‘आत जागा नव्हती,’ तो म्हणाला, आणि हसला नाही. आमच्याबरोबर चहाला बसायचा नाही. सगळ्यांना आपण-आपण म्हणायचा, आणि असा की समोरच्याला आपला काही गुन्हा झालाय की काय असं वाटावं.

पहिल्या सरावाच्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘काय हो, अडकलो तर कापणार का?’

तो माझ्या हार्नेसचे पट्टे तपासत होता. मी ते आधीच तपासले होते. त्याने मान वर केली, नीट विचार केला आणि म्हणाला, ‘हो. कापीन.’

मी वाट पाहिली. आता पुढे काहीतरी जोडेल, गंमत करेल. त्याने छातीवरचा पट्टा एक हिसका देऊन ओढला आणि तो पुढच्या पट्ट्याकडे वळला.

त्या दिवसापासून माझं लक्ष त्याच्यावरच. खाली उतरताना मी जमिनीकडे बघायचं सोडून वर त्याच्याकडे बघायला लागलो. बटणाच्या झाकणापासून त्याचा अंगठा किती लांब आहे? एकदा तर मला तो झाकणावर टेकलेला दिसला. निदान तसं वाटलं. तळावर परतल्यावर मी त्याला जाब विचारला, तर म्हणाला, ‘अंधारात चाचपायला लागू नये म्हणून जागा बघून ठेवतो. आपण घरचा गॅस बंद करता तेव्हा बटण शोधत बसता का?’ उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसाचा मला आणखी संशय येतो.

शेवटी मी आमच्या कॅप्टनकडे गेलो आणि विंचवाला बदलून मागितला.

‘तो काय चुकीचं करतो?’ कॅप्टन म्हणाले.

‘अजून काही नाही. करेल.’

‘मग केल्यावर सांगा.’

केल्यावर सांगायला मी असायला हवा ना, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

घरी सांगितलं तर आईने माझीच बाजू घेतली. बिबवेवाडीच्या मागे आमचं शेत होतं तेव्हाचं तिला सगळं आठवतं. आता तिथे इमारतींची रांग आहे. विहिरीचा गाळ काढायला चुलता उतरायचा आणि दोर माझ्या वडिलांच्या हातात असायचा. गड्याच्या हातात कधी दिला नाही. ‘इहिरीत उतरायचं तर दोर आपल्या माणसाच्या हातात हाय का ते आधी बघावं,’ आई म्हणाली. ‘ह्यो तुजा कोण लागतो?’

बायको पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, ‘आधीचे दादा काय म्हणायचे?’

‘नाही म्हणायचे.’

‘आणि तुम्हाला ते खरं वाटायचं?’

मला एकदम राग आला. दुधाची पिशवी उलटसुलट करणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा असतो का? मी म्हणालो, ‘वाटायचं.’ ती म्हणाली, ‘बरं,’ आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. आमच्या शहरात ‘बरं’ या शब्दाने माणसाला उताणा पाडता येतो.

एक मात्र झालं, माझी सवय बदलली. दादा वर असताना मी खाली पोचलो तरी हूक लगेच काढायचो नाही. पाय नीट रोवायचे, इकडेतिकडे बघायचं, मग सावकाश काढायचा. केबल वर दादाच्या हातात आहे म्हणजे आपण धरलेले आहोत, असं वाटायचं. आता पाय टेकले की हात आधी हुकावर जायला लागला. वर जाताना हूक लावला तरी केबल ताणली जाईपर्यंत हात तिथेच. मी हुकाला असताना केबल कापायची संधी याला द्यायची नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा पश्चिमेच्या एका डोंगरावरून बोलावणं आलं. ट्रेकला गेलेल्या एक बाई कड्याच्या मधल्या टप्प्यावर घसरून पडल्या होत्या, घोटा मोडला होता. टप्पा माझ्या स्वयंपाकघरापेक्षा अरुंद आणि दरीकडे उतरता. त्याने मला त्यावर असा ठेवला की गुडघेसुद्धा वाकले नाहीत. हे मान्य करायला मला आजही जड जातं. मी हूक काढला, त्याने केबल वर घेतली, मी बाईंच्या पायाला फळी बांधली. पन्नाशीच्या असतील, कॉलेजात शिकवत होत्या. वेदनेनं ओठ पांढरे पडलेले, पण मला म्हणाल्या, ‘सावकाश करा, मला आज दुसरं काही काम नाही.’

मग केबल पुन्हा खाली आली. मी बाईंचा पट्टा आणि माझा पट्टा दोन्ही हुकाला लावले आणि वर घ्यायची खूण करायला हात उचलणार, तेवढ्यात कड्यावरून वाऱ्याचा झोत आला. हेलिकॉप्टर बाजूला सरकलं. खाली जास्तीची सुटलेली केबल टप्प्याच्या कडेवरून लोंबली आणि खालच्या उंबराच्या खोडाला तिचा फेरा बसला. हेलिकॉप्टर परत वर उठलं आणि खोडापासून वरची केबल तारेसारखी ताठ झाली. आमच्या बाजूची थोडी केबल अजून सैल होती.

मी वर बघितलं. तो दारात होता. त्याने केबल सैल सोडली, फेरा निघतो का बघितलं. निघाला नाही. पुन्हा सोडली. हेलिकॉप्टर एका अंगाला कललं. तो ओरडत नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एका हाताची कड दुसऱ्या हाताच्या मनगटावर आडवी मारली. कापतोय.

त्याने ती खूण केली तेव्हा माझ्या हातात हूक उघडलेला होता. फेरा बसलेला दिसला तेव्हाच मी बाईंचा पट्टा काढला होता, आता माझा काढला. मी विचार केला नाही. हा माणूस कापणार, यात मला तिळभरही शंका नव्हती. मी बाईंना खडकाकडे दाबलं आणि वर रिकामा हात दाखवला.

केबल वरून सुटली. सगळीच्या सगळी खाली आली, टप्प्यावरून घसरत दरीत गेली आणि शेवटी हूक दगडावर दोनदा आपटून तिच्या मागे गेला. आम्ही हुकाला असतो तर तसेच गेलो असतो. हेलिकॉप्टर सरळ झालं आणि दूर निघून गेलं. बाईंनी विचारलं, ‘हे असंच असतं का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ मग गावातली बचावाची मंडळी दोर आणि स्ट्रेचर घेऊन वरून उतरली, आणि बाई माणसांच्या खांद्यावरून आणि हातांवरून खाली आल्या, मी त्यांच्याबरोबर.

संध्याकाळी तळावर परतलो तेव्हा तो विंच उघडून उरलेलं टोक तपासत बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

‘मी हूक काढला नसता तर?’

‘तरी कापली असती,’ तो म्हणाला. मग ते टोक बाजूला ठेवून म्हणाला, ‘आपण काढाल हे माहीत होतं. इतके दिवस माझ्या अंगठ्याकडे बघताय.’

मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या शेजारी बसावंसंही वाटलं. मी बसलो. चहा आला, तो त्याने माझ्याबरोबर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभा राहून मी दादाला फोन केला. खाली स्वारगेटकडे जाणाऱ्या गाड्यांची नेहमीची रांग होती. त्याला सगळं सांगितलं. तो मध्येमध्ये हुंकार देत होता, हसत नव्हता. शेवटी मी म्हणालो, ‘दादा, एक खरं सांग. मी लटकलेला असताना अशी अडकली असती तर तू कापली असतीस का?’



‘कापली असती गड्या,’ तो म्हणाला. ‘वर पोरं होती तिघं. त्यांचीबी घरं हायत.’

‘मग कापणार नाही असं मला का सांगायचास?’

‘हो म्हणलो असतो तर तू उतरला असतास का? सुखानं उतरायचास. मला तेवढंच बघायचं होतं.’

त्याच्या आवाजात प्रेम होतं, त्याबद्दल मला कधीच संशय नव्हता, आजही नाही. तो माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारत राहिला आणि मी उत्तरं देत राहिलो. पण मला तो टप्पा दिसत होता, खोडाला बसलेला फेरा दिसत होता, आणि वर दारात दादा. दादाने हाताची कड मनगटावर मारली असती, आणि दादा माझ्याशी असं करणार नाही म्हणून मी हूक तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो असतो.