पट्टा का तापतो

तलासरीच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर दिवाळीच्या सुमारास गवत कंबरेएवढं होऊन पिवळं पडतं आणि ते कापायची एकच घाई सुरू होते. पूर्वी त्यासाठी पाडेच्या पाडे विळे घेऊन बाहेर पडत. आता धनेशशेठचा ट्रॅक्टर येतो, मागे गवत कापायची मशीन लावलेली, आणि तो चालवायचा नविन. शेठ हे गवत शहराकडच्या तबेल्यांना विकतो. नविनची आई तानी कापलेलं गवत गोळा करायला त्याच माळावर असायची. तिच्या मते जगात मुलाच्या या कामाहून वाईट काम नव्हतं. ती उगाच घाबरत नव्हती. याच मशिनीनं मागे पाड्यातल्या काळ्याचं पाऊल नेलं होतं आणि काळ्या रोज तिच्या दारावरून कुबडी टेकत जायचा. संध्याकाळी मुलगा घरी आला की ती आधी त्याच्या हातापायांकडे बघायची, मग तोंडाकडे.

त्या हंगामात मशिनीचा पट्टा तापायला लागला. ट्रॅक्टरच्या मागचा दांडा एक पुली फिरवतो, तिच्यावरचे रबरी पट्टे दुसरी पुली ओढतात आणि खाली पाती गरगरतात. पट्टा पुलीवर घसरला की तापतो, तापला की धुरावतो, आणि भोवती सगळं वाळलेलं गवत. एकदा पेटलं असतं तर पाडाही उरला नसता.

नविननं काय करायचं बाकी ठेवलं नाही. पट्टे ताणून बघितले. सुतळी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते बघितलं. पाती परजली, दांड्याला गुंडाळलेलं गवत विळ्यानं कापून काढलं, बेअरिंग हातानं फिरवून बघितली. डहाणूचा मेकॅनिक आला, नवे पट्टे घातले, "आता बघायला नको" म्हणाला आणि गेला. मेकॅनिकांचं बरं असतं, त्यांना पुन्हा बघायला लागत नाही. दोन दिवसांत रबराचा तोच जळका वास. शेठ म्हणाला, "नविन, तुला जमत नसेल तर सांग हां. मी दुसरा माणूस बघतो."

मग नविननं स्वतःची एक रीत पाडली. थोडं कापायचं, थांबायचं, उतरायचं, पट्ट्याला हात लावून बघायचं. हात आत जाऊ नये म्हणून पुलीवर असलेली जाळी दर वेळी काढायची-लावायची म्हणजे कटकट, म्हणून त्यानं ती काढून सीटच्या मागे बांधून टाकली. लिव्हर सोडून मशीन बंद केली तरी पाती आपल्या वजनानं बराच वेळ फिरत राहतात, त्यांच्याबरोबर पट्टाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळं थांबेपर्यंत तो उभा राहायचा.

एका सकाळी तो ओढ्यावरून पाण्याचा डबा भरून आला तर तानी मशिनीपाशी उकिडवी बसलेली. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताचं बोट पुलीच्या खाचेत.

"आये, काय लावतेस?"

"शेंदूर," ती म्हणाली. तेलात कालवलेला.

वाघबारशीला पाड्यात वाघदेवाच्या लाकडाला तेल-शेंदूर लावतात, माणसांना आणि गुरांना सोड म्हणून. वाघ कुणी बघितला त्याला पिढ्या झाल्या. आता इथे माणसाचं अंग तोडून नेते ती मशीन. म्हणून वाघबारशीपासून तानी रोज सकाळी मशिनीला शेंदूर लावत होती, जाळी होती तेव्हा तिच्यातून बोट घालून, आणि तोही नेमका पुलीच्या खाचेत, मशिनीचं तोंड समजून. मला विचाराल तर तिचं काही चुकलं नव्हतं. नविन मात्र इतके दिवस तो लाल थर गंज समजत होता.

त्यानं गवत बांधणाऱ्या सगळ्या बायांसमोर तिला तोंडाला येईल ते ऐकवलं. "तेलानं पट्टा घसरतो, घसरला की तापतो! डोंगर पेटवायचाय तुला?" तानीनं वाटी पदराखाली घेतली. ती काही खुळी नव्हती, सगळं तिला समजलं. त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं पुली लख्ख पुसली, पुन्हा नवे पट्टे घातले, आणि मशीन सुरळीत चालायला लागली.

हाताची सवय मात्र गेली नाही. जाळीही सीटमागेच राहिली. तीनचार दिवसांनी उतारावर तो असाच थांबला, उतरला, टेकडीखाली शेठची गाडी येताना दिसली म्हणून तिकडे बघत राहिला आणि बघता बघताच हात पुढे केला. पट्टा अजून फिरत होता. तो गार होता, एवढंच त्याच्या बोटांना कळलं.

उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात तानी त्याच्या उशाशी बसून होती. रडत नव्हती, तेच जास्त भयंकर होतं. "तेल मी लावलं," ती म्हणाली. "तेलानं पट्टा तापला, म्हनून तुला हात लावायची सवय लागली. तूच समजावलंस ना? हात मीच खाल्ला तुझा."

नविनला ते सहन झालं नाही. हाताचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

"नाय आये. पट्टा गार होता. मी देवाचा शेंदूर पुसला, म्हनून झालं."

तानी त्याच्याकडे बघत राहिली. मग ढसाढसा रडली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच जेवली.

शेठनं ट्रॅक्टरवर शेजारच्या पाड्यातला मुकेश ठेवला. हंगाम काही कुणासाठी थांबत नाही. नविन हात गळ्यात बांधून अंगणात बसलेला असायचा. एका दुपारी समोरच्या टेकडीवरून वारा आला आणि त्याबरोबर जळक्या रबराचा वास. तेवढ्यात तानी वरून उतरून आली. हातात रिकामी वाटी, चेहरा समाधानाचा.

"मुकेशच्या मशिनीला लावून आलो," ती म्हणाली. "रोजच लावतो. त्यालाबी आई हाय."

वर टेकडीवर ट्रॅक्टर थांबला होता. मुकेश उतरून मागे वाकला होता. नविन जिवाच्या आकांतानं ओरडला, पण एवढ्या लांब काय ऐकू जाणार? मुकेश वाकला, उठला, पुन्हा सीटवर बसला. या वेळी वाचला.

"आये, बस इथं," नविन म्हणाला. "दवाखान्यात मी खोटं बोललो."

तानी बसली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: तेल, घसरणं, तापणं, हात. सांगताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही. सगळं ऐकून ती उठली आणि आली त्याच वाटेनं टेकडी चढायला लागली.

"कुठं चाललीस?"

"मुकेशला सांगायला," ती मागे न बघता म्हणाली. "तुझा हात मीच खाल्ला ते."