सालाचं गिऱ्हाईक

तिकीट खिडकीच्या खालच्या फटीतून आधी तिचा हात आत यायचा. मनगटभर हिरव्या बांगड्या, बोटांना मेथीचा वास, आणि तळवा वर. मी त्यावर टाळी द्यायची, मगच ती वाकून तोंड दाखवायची आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "सरा रे बाप्पा बाजूले. आपलं सालाचं हाय, रोजाचं नाही."

रांगेतले लोक बाजूला सरायचेही. कोण बाई आहे, शेठची कोणी लागते का, असं कुजबुजत तिच्याकडे बघत राहायचे. ती मात्र मान ताठ करून आत निघून गेलेली असायची.

मलकापूरजवळ हायवेला लागून आमच्या शेठचं वॉटर पार्क आहे. लाटांचा तलाव, घसरगुंड्या, आकाशपाळणा, आणि एक गोल फिरणारी संथ नदी, जिच्यात टायरमध्ये बसून माणसं नुसती वाहत राहतात. मी पहिल्या दिवसापासून तिकीट खिडकीवर. खिडकीत बसून बसून मला माणसांचे दोनच प्रकार दिसायला लागले होते, सुटे पैसे असलेले आणि नसलेले. ही बाई दोन्हीत बसेना.

जवळच्याच खेड्यात तिचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर लावायची आणि बाजारात स्वतः दुकान मांडायची. हल्ली ती इकडे नसते. मुलाला कोकणात नोकरी लागली, तो दोघा म्हाताऱ्यांना घेऊन गेला. पण तिचा विषय निघाल्याशिवाय आमचा आठवडा जात नाही, तेव्हा म्हटलं, तुम्हालाही सांगावी.

तुमच्याकडे कदाचित ही पद्धत नसेल. आमच्याकडे गुढीपाडव्याला शेतमालक वर्षभरासाठी गडी ठरवतो. पाडवा ते पाडवा, याला साल म्हणायचं आणि गड्याला सालदार. तिच्या नवऱ्यानं उमेदीची सगळी वर्षं अशी सालं केली, मग दोघांनी मिळून स्वतःचा मळा उभा केला.

पार्क सुरू झालं तेही पाडव्यालाच. त्या दिवशी ती मुला-सुनेबरोबर आली होती. मी पोपटासारखी दर म्हणून दाखवत होते, एका दिवसाचं तिकीट एवढं, वर्षाचा पास एवढा. पास म्हटल्यावर मुलगा हसला. ती हसली नाही.

"आजच्या पाडव्यापासून का?" तिनं विचारलं.

"हो, पाडवा ते पाडवा."

"मंग बराबर हाय," म्हणत तिनं कमरेची पिशवी सोडली.

मुलगा गडबडला. "माय, वर्षभर काय करशीन तू अथी?"

"येईन," ती म्हणाली. कार्डावरच्या फोटोसाठी हस म्हटलं तर तोंड आणखी घट्ट मिटून घेतलं. फोटो अजून आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखा.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, शेठना सांगू नका. वर्षाचा पास घेणारा माणूस येत नाही. दर रविवारी पोरांना घेऊन येऊ म्हणतो, दोनदा येतो, आणि मग कार्ड पाकिटात पडून राहतं. त्याच्या न येण्यावरच पास परवडतो. ही बाई मात्र बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दर आठवड्याला, न चुकता हजर. पावसात हजर, पितृपक्षात हजर. घरी पाहुणे असले तर पाहुण्यांसकट हजर, पाहुण्यांचं तिकीट मात्र रोजाचं.

पहिल्याच आठवड्यात गार्डनं तिला तलावाशी अडवलं. सुती कापड पाण्यात चालत नाही, मशीनमध्ये धागे अडकतात. नायलॉनचा ड्रेस पाहिजे, आणि आमच्याकडे भाड्यानं मिळणारे ड्रेस होते गुडघ्याच्या वर. तिनं तो ड्रेस बोटाच्या चिमटीत धरून पाहिला आणि परत दिला. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा गार्डच पळत माझ्याकडे आला. तिनं टेलरकडून छत्रीच्या काळ्या कापडाचा पायघोळ झगा आणि पायजमा शिवून आणला होता. कॉलरपासून घोट्यापर्यंत छत्री! मी इतकी हसले की मागचं गिऱ्हाईक चिडलं. पण नियम नायलॉनचा होता आणि छत्री नायलॉनचीच होती. गार्ड काय बोलणार?

त्या झग्यानं आमच्या पार्काचं जे भलं झालं ते जाहिरातीनं झालं नव्हतं. तुम्हीही पाहिलं असेल, खेड्यापाड्यावरनं गाड्या भरून माणसं येतात, बीबीहून येतात, दुसरबीडहून येतात, आणि त्यातल्या बायका भिंतीकडेला बसून राहतात. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पुढ्यात चपलांचा ढीग. ही त्यांच्यापुढे ओलीचिंब उभी राहायची.

"काऊन वो, एवढ्या दुरून चपला राखाले आल्या का?"

"आमाले लाज वाटते, मावशी."

"मले पाहा ना! माह्यात लाज वाटासारखं काय राह्यलं?"

त्या हसायच्या, आणि हसली की बाई उठते. शेवटी शेठनं त्याच टेलरला तसले झगे शिवायला सांगितले. बायकांनी त्याला "मावशीचा ड्रेस" असंच नाव पाडलं.

तिला स्वतःला घसरगुंडीचं काही नव्हतं. ती जायची नदीत. आधी टायरमध्ये बसून, मग टायरला धरून, आणि एका पावसाळ्यात मी पाहिलं तर टायर एकीकडे आणि मावशी एकीकडे, पाठीवर तरंगत, डोळे मिटून. बाहेर आल्यावर म्हणाली, "जलमभर वांग्याले पाणी देल्लं बाई. रातबेरात लाईन येईन तवा उठाचं अन् बारे धराचे. आता मले पाणी भेटते." हे सांगताना तिचा चेहरा असा काही निवांत होता की मला तिचा हेवा वाटला. आजही वाटतो.

पास म्हणजे साल, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं, आणि साल म्हटलं की दोन्हीकडून निभवायचं. म्हणून पोळ्याला ती आमच्या सगळ्या गार्डांसाठी पुरणपोळ्या आणायची. मी एकदा चिडवलं, "मावशी, यात सालदार कोण, तुम्ही का आमचं पार्क?"

तिनं खरोखर विचार केला. "ज्याले अडचन नाही तो मालक," म्हणाली.

मग आमच्याकडे पुण्याकडचे मॅनेजर साहेब आले. माणूस तरुण, कष्टाळू, बोलायला गोड. तिचं बोलणं मात्र त्यांना अर्धंच कळायचं, मग ते नुसते हसून मान हलवायचे. त्यांनी सगळा हिशेब तपासला आणि शेठना सांगितलं, वर्षाचा पास परवडत नाही. आता पास घेणारी मोजकीच माणसं उरलीत, आणि त्यातली एक तर दर आठवड्याला येते, कँटीनमध्ये काही घेत नाही, गेटबाहेर बसून घरची भाकर खाते. साहेबांचं चूक नव्हतं. येत्या पाडव्यापासून पास बंद, असं ठरलं, आणि तिला सांगायचं काम आलं खिडकीवरच्या बाईकडे.

मी सांगितलं. ती नदी तिच्या हातून जाणार होती, म्हणून मी रागाची, रडण्याची, सगळ्याची तयारी ठेवली होती. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत काळजी आली.

"शेठले लय अडचन आली का वो?"

सालाचा सौदा कोणी उगाच मोडत नाही. मालक मोडतो तो बुडायला लागला तरच. तिच्या हिशेबात दुसरं कारणच बसत नव्हतं.

पाडव्याला ती आली ती वांग्यांनी, कोथिंबिरीनं भरलेली थैली घेऊन, आणि थेट ऑफिसात शिरली. थैली शेठच्या टेबलावर ठेवली. मी आणि साहेब तिथंच होतो.

"शेठजी, वाईट साल कोनाले येत नाही?" ती खाली फरशीवर बसायला लागली, शेठनी उठून तिला खुर्ची दिली. "खचू नका. मी पास घेतो. पन अवंदा मी पाण्यात नाही उतरत. तेवढं पाणी वाचन, लाईट वाचन. तुमचं सावरलं की मंग पाहू."

शेठ कपाशीतला जुना माणूस, जिनिंग चालवणारा. साल म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको. ते आधी हसले, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भलतीकडे वळले. "मावशी, मले काही अडचन नाही. पास बी बंद नाही. चालू हाय."

"मालक लोक असंच म्हनतात," ती समजुतीनं म्हणाली. "आमच्या बुढ्याचा मालक बी म्हने, बरं हाय, बरं हाय. अन् घरात बैलाले घालाले ढेपीचं पोतं नव्हतं. बुढा त्या साली निम्म्या पैशावर राह्यला. पन राह्यला."

"मावशी, तुम्ही फार येता म्हणून पास बंद करत होतो," हे बोलायला जी जीभ लागते, ती त्या खोलीत कोणाकडेच नव्हती. मी पास करून दिला. ती शब्दाची पक्की निघाली.

मलकापूरचा उन्हाळा मी सांगायला नको. झाडाची सावलीसुद्धा तापलेली असते. त्या उन्हाळ्यात ती दर आठवड्याला आली आणि नदीच्या काठावरच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहिली. पाय सोडले नाहीत, बोट बुडवलं नाही. लोक तिच्यापुढे चपला काढून पाण्यात शिरत, आणि ती त्या राखत बसे. एकदा पदरानं वारा घेताना मी तिला पाहिलं आणि मला भडभडून आलं. बाहेर जाऊन तिचा हात धरला.

"मावशी, गर्दी पाहा ना! पाय ठेवाले जागा नाही. कशाची अडचण?"

"हंगामात कोनाचंबी चालते, पोरी. बिनहंगामाचं पाह्य."

हे आमच्या वर्मावरच होतं. पावसाळ्यात पार्क ओस. श्रावणात शेठ स्वतः तिला सांगायला गेले, "मावशी, सावरलं आता. उतरा." तिनं रिकाम्या तलावाकडे पाहिलं, बंद आकाशपाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शेठजी, माह्यापाशी कायले लपवता?"

तोडगा काढला तो मॅनेजर साहेबांनीच. मला वाटायचं हा माणूस आकड्यांवर जगतो, पण ती बाकावर बसलेली त्यांना बघवेना. "गर्दी दिसली की त्या उतरतील ना? मग गर्दी करू," ते म्हणाले. शेठनी जिनिंगच्या सगळ्या मजुरांना सहकुटुंब बोलावलं. पावसाळ्यात जिनिंग बंद, माणसं मोकळीच होती. ड्रायव्हरांच्या घरचे आले, कँटीनवाल्याची सासुरवाडी आली, माझ्या दोन नणंदा आल्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीपासून पार रस्त्यापर्यंत रांग लागली. साहेब माझ्या मागे उभे होते आणि परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम झाले होते.

ती आली. रांग पाहून थांबली. मग रांगेच्या कडेकडेनं, एकेकाचं तोंड न्याहाळत, सावकाश चालत आली आणि खिडकीशी वाकली. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"पोरी, हे तं शेठच्या जिनिंगमधले लोक हायत. त्या निळ्या पातळवालीले मी कालच वांगे देल्ले."

साहेब छताकडे पाहायला लागले.

"शेठनं बलावले?"

"हो," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"सगळ्याइले फुकट?"

"हो."

"खानं बी?"

"खानं बी. आलूबोंडे तळणं चालू हाय."

ती खिडकीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. पुन्हा एकदा रांगेकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"गर्दी खोटी हाय बाई," ती म्हणाली. "पन एवढ्या लोकाइले फुकट खाऊ घालू राह्यला, म्हंजे शेठचं सावरलं. नाही का?"

"सावरलं, मावशी."

ती कपडे बदलून आली तेव्हा मी खिडकी तशीच सोडून नदीकडे पळाले. साहेबही आले. ती पायऱ्या उतरली, कंबरभर पाण्यात क्षणभर थांबली, आणि पाठीवर पडली. जिनिंगची पोरं टायर घेऊन ओरडत तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली, पाणी तिच्या तोंडावर उडालं, तिनं डोळे उघडले नाहीत. शेठ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे होते. त्यांनी वाकून विचारलं, "मावशी, पाणी कसं हाय?"

तिचे कान पाण्याखाली होते. ती तशीच वाहत वळणापलीकडे गेली.